‘उद्या’चं बटण

किर्गिझस्तानातल्या ओश शहराच्या बाजारात, पत्र्याच्या कंटेनरातल्या कॉम्प्युटर-दुरुस्तीच्या दुकानात, बुरुलमावशींनी दुकानदार तिलेकसमोर नवऱ्याचा लॅपटॉप ठेवला. नवरा जाऊन महिना झाला होता. चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला त्याचं लिखाण छापून वाटायचं होतं.

“कशावर लिहिलंय?”

“घोड्यावर. माझ्यावर दोनच ओळी आहेत.”

लिहायचा प्रोग्राम लॅपटॉपसोबतच आला होता, पण परवान्याची चावी, म्हणजे आकडे-अक्षरांचा कोड, कधी भरलीच नव्हती. चावीशिवाय आता छपाई होईना. पडद्यावर चौकट आली: चावी भरा. खाली दोन बटणं, ‘आत्ता’ आणि ‘उद्या’.

तिलेकनं हात लावायच्या आत माऊसचा बाण आपोआप सरकला आणि ‘उद्या’ दाबलं गेलं.

त्यानं माऊस काढला, टचपॅड बंद केलं, चौकट पुन्हा आणली. बाण सावकाश आला आणि ‘उद्या’वर टेकला. टक्.

“व्हायरस असेल,” तिलेक म्हणाला. काही कळलं नाही की तो हेच म्हणे.

“व्हायरस कसला, आमचे हेच ते. छप्पर उद्या, दात उद्या. छातीत दुखलं तेव्हा दवाखानाही उद्याच.”

बॅटरीखालच्या स्टिकरवर चावी सापडली. तिलेकनं ती भरली. या खेपेस बाण ‘उद्या’वर नुसता थांबून राहिला.

“‘आत्ता’ दाबलं की ही चौकट परत येणार नाही?”

“कधीच नाही. सुटलात, मावशी.”

मावशींनी घाईघाईनं पडद्यावर पंजा ठेवला. “अहो, नको,” त्या हळूच म्हणाल्या. “उद्या.”

त्यांच्या बोटांच्या फटीतून तिलेकला बाण दिसत होता. तो ‘उद्या’वरून निघाला होता आणि हळूहळू ‘आत्ता’कडे चालला होता.