सादिया मोड

चाकूरजवळच्या वळणावरचा बसथांबा सरळ रस्त्यावर हलवावा, असा अर्ज पंक्चरवाल्या जिलानींनीच केला होता. रस्तासुरक्षेच्या पाहणीला आलेली अभियंता स्वप्नाली म्हणाली, “मार्गदर्शिकाही तेच सांगते, चाचा. वळणावर थांबा नकोच.” तेवढ्यात बस थांबली. “सादिया मोडवाले, उतरा! का लातूरला नेऊ?” कंडक्टर ओरडला. समोरच्या घराचे दार उघडले. एका बाईने उतरणाऱ्यांचे चेहरे पाहिले आणि दार लावून घेतले. “त्या कोणाची वाट बघतात?” स्वप्नालीने विचारले. “माझी बीवी हाय. सादिया आमची पोरगी. इथंच बसमधून उतरली अन् ट्रकखाली गेली. तवापासून लोकांनी मोडाला तिचंच नाव पाडलं. हाक आली की ही दार उघडती.” स्वप्नाली जरा अडखळली. “मग... हलवायचा ना थांबा?” जिलानींनी तिने खुणेसाठी आणलेली चुन्याची पिशवी उचलली आणि हाक घरापर्यंत पोहोचणार नाही इतक्या लांब जाऊन नव्या थांब्याची रेघ ओढली.