दोन मणक्यांमधली गादी

"मावशी, तपासणीचा कागद आला. कॅन्सर नाही," डॉक्टर मैथिली म्हणाल्या.

सगुणाबाई उभीच राहिली. 'कॅन्सर' हा शब्द दोन महिन्यांत तिच्या घरात कुणी मोठ्यानं उच्चारला नव्हता. चुडाव्याच्या सगळ्या गल्लीला ठाऊक होतं, पालमची नणंद शेवटचं म्हणून भेटून गेली होती; फक्त नवऱ्याला, सूर्यभानला, तिनं 'मणक्याला वारं धरलंय' एवढंच सांगितलेलं. तो शेजारीच स्ट्रेचरवर पडला होता, कमरेखाली लुळा.

"मंग काय हाय, मॅडम?"

"टीबी. मणक्याचा."

मेंदूचे आणि मणक्यांचे फोटो वाचणं हेच डॉक्टर मैथिलींचं काम. त्यांनी कॉम्प्युटरचा पडदा दोघांकडे वळवला. "हे दोन मणके बघा. मधली गादीच खाल्लीय. कॅन्सर मणका खातो, गादी बहुतेक वेळा सोडून देतो. म्हणून मला शंका आली आणि सुईनं तुकडा काढून तपासायला लावला."

"चालतील का हे?"

"पायात अजून जीव आहे. वर्षभर तरी गोळ्या घ्यायच्या, एकही चुकवायची नाही. बहुतेक चालतील."

सगुणाबाई नवऱ्याकडे वळली. "अवो, टीबी हाय! निस्ता टीबी!" आवाज इतका चढला, की दाराबाहेरच्या बाकावरची माणसं लांब सरकून बसली. तिला हसू फुटलं, आणि हसता हसता ती स्ट्रेचरची दांडी धरून रडायला लागली.

"कॅन्सर न्हाई म्हणायल्यात नव्हं?" सूर्यभाननं शांतपणे विचारलं.

तिचं रडणं थांबलं. "तुमाला माहीत होतं?"

"पालमची आक्का माझे पाय धरून तासभर रडली. वारं धरलं म्हनून कुनी इतकं रडतंय का, येडे?"

डॉक्टर मैथिली हसल्या. मग त्यांनी संमतीचा एक छापील कागद पुढे केला. "काका, असे फसवे मणके मी गोळा करतेय. दुसऱ्या डॉक्टरांनी बघितले, तर टीबीच्या माणसाला कुणी कॅन्सर सांगणार नाही. तुमचा फोटो घेऊ का त्यात? तुमचं नाव काढून टाकते, नुसता नंबर राहील."

सूर्यभाननं पडद्यावरच्या आपल्या काळ्या-पांढऱ्या पाठीकडे बघितलं.

"फोटो खुशाल घ्या," तो म्हणाला. "पन नाव नका काढू, मॅडम. रेशन कार्डावरनं मेलेल्याचं नाव काढत्यात."