प्रोसेसरला नेलपॉलिश

लेकीची फिल्म उद्या द्यायची होती आणि कॉम्प्युटर तापून सारखा बंद पडत होता. तिने प्रोसेसर उघडा केला. उष्णता ओढून घेणाऱ्या पातळ धातूचा थेंब त्यावर पसरायचा होता; शेजारच्या बारीक भागांवर ओघळला तर कारभार आटोपला. म्हणून त्या भागांवर आधी नेलपॉलिश लावतात. तिने ब्रश दोनदा जवळ नेला आणि मागे घेतला. पार्लरवाली आई म्हणाली, “सरक. आयुष्यभर नखंच रंगवलीत.” तिने लाल बाटली उघडली. “बिनरंगी लाव, आई.” “मग राहिलेली जागा दिसणार कशी?” श्वास रोखून आईने तिळाएवढे भाग रंगवले, वाळवले, मग पाऱ्यासारखा थेंब काडीने घोळवत आरशासारखा पसरला. फिल्म पुरी होईपर्यंत कॉम्प्युटर गारच राहिला. एरवी पार्लरच्या वासाला नाक मुरडणाऱ्या लेकीने आईसमोर बसून कुरतडलेली नखं पुढे केली. “कोणता रंग?” “प्रोसेसरचाच.” “मग त्याच्यासारखी स्वस्थ बस.”