सतरा नंबरचा वयोगट

“सतरा नंबर बाद,” योगिता म्हणाली.

दीपेशने कपाळाला हात लावला. गायिका चंद्रिकाच्या चाहत्यांनी बनवलेल्या व्हिडिओंची स्पर्धा रविवारी आशागडच्या वाचनालयात होती. पोराबाळांसकट सगळं गाव येणार, म्हणून कोणता व्हिडिओ कोणत्या वयाला दाखवायचा ते आधी ठरवायचं होतं. ‘फक्त मोठ्यांसाठी’ असा शिक्का बसला की तो स्पर्धेबाहेर. नियम वाचनालय सांभाळणाऱ्या योगितानेच लिहिले होते. नावं बंद पाकिटात, व्हिडिओंना फक्त नंबर. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असं व्हायला नको.

“ताई, पहिलं बक्षीस याचंच आहे.” दीपेशचं डहाणू रोडला मोबाईलचं दुकान होतं, एडिटिंग त्याला कळायचं, म्हणून योगिताबरोबर तोही परीक्षक होता. “यात ना रक्त, ना शिवी. ताडीचा ग्लाससुद्धा नाही!”

“परत लावा.”

चंद्रिका स्टेजवर गात होती. मध्येच पडदा काळा झाला आणि गाणं मोठं झालं. पुन्हा चंद्रिका. पुन्हा काळोख, गाणं आणखी मोठं. त्या आवाजाखाली काहीतरी आपटलं, किणकिणलं.

दुपारचं ऊन पत्र्यावर तापत होतं. योगिताने ब्लाऊजच्या लांब बाहीनेच घाम टिपला आणि वर सरकलेली बाही लगेच मनगटापर्यंत ओढली.

“भांडं पडलं असेल,” दीपेश म्हणाला. “बाकी नुसतं गाणंच मोठं होतंय.”

“गाणं कशासाठी मोठं करतात ते मोठ्यांना कळतं, दीपेशभाऊ. पोरांना कळू नये.”

“पोरं कुठे एवढं कान देऊन ऐकतात?”

“माझ्या दक्षाला चंद्रिकाची सगळी गाणी पाठ आहेत. रोज संध्याकाळी मीच लावते ना. पोरांच्या कानावर काय पडू द्यायचं, ते आपण बघायचं असतं.”

तिला त्या व्हिडिओवाल्याचा मनस्वी राग आला होता. घरातलं घरात ठेवावं, एवढंही ज्याला कळत नाही तो कसला चाहता! उद्या ओळखीच्या कुणाचा निघाला तरी ती हेच करणार होती.

“बरं बाबा, नियम म्हणजे नियम,” दीपेशने माघार घेतली. दोघांनी सह्या केल्या.

बाद झालेल्याला कळवायचं, हाही नियम होताच. योगिताने सतरा नंबरचं पाकीट फोडलं. अर्ज पेन्सिलीने भरला होता. ‘व्हिडिओ कोणी पाहावा असं तुम्हाला वाटतं?’ हा रकाना तिने मुद्दाम ठेवला होता, समोरच्याचीही बाजू कळावी म्हणून.

तिथे लिहिलं होतं, ‘सर्वांनी. यात घाबरण्यासारखं काही नाही, मी रोज ऐकते.’

त्याखाली वय होतं, नऊ. आणि नाव होतं, दक्षा.