तक्त्यातली दोनची गोळी

“बंद म्हणजे बंद! वाचता येत नाही का तुम्हाला?”

अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर ताईने मावशींना फैलावर घेतलं होतं. मावशी म्हणजे बाबांना दिवसभर सांभाळणाऱ्या बाई. आत बाबांच्या पोटातला रक्तस्राव काही केल्या थांबत नव्हता, आणि रक्त पातळ करणारी गोळी दुपारी दोनला मावशींनीच दिली होती.

“ताई, तक्त्यात होती म्हणून दिली. मी माझ्या मनाने त्यांना पाण्याचा घोटसुद्धा देत नाही.”

“खोटं बोलू नका. डॉक्टरांचा फोन आला तशी बारा वाजता मी स्वतः ऑफिसातून लिहिलं, गोळी बंद म्हणून. उद्यापासून येऊ नका तुम्ही.”

धाकटा भाऊ तिथेच उभा होता. प्रवासाची बॅगही त्याने खांद्यावरून उतरवली नव्हती. औषधांचा तक्ता त्यानेच त्याच्या कंपनीच्या ॲपमध्ये करून दिलेला. भिंतीवरचा टॅब, ताईचा फोन, त्याचा लॅपटॉप, तिन्हीकडे तोच. मागे तोंडी निरोपांच्या घोळात बाबांना एक गोळी दोनदा दिली गेली, तेव्हापासून या धाकट्या साहेबांचं फर्मान होतं की तोंडी काही सांगायचं नाही, तक्त्यात लिहायचं. ताई आणि मावशी दोघी बिचाऱ्या ते इमानेइतबारे पाळत आल्या होत्या.

त्याने फोनवर तक्त्यातल्या बदलांची यादी उघडली. बारा वाजता ताई. एक वाजता तो स्वतः. सकाळी गाडीत नेटवर्क नसताना त्याने लॅपटॉपवरच्या प्रतीत थोडा बदल केला होता. एकला नेटवर्क आलं आणि त्याची प्रत ताईच्या प्रतीवर जाऊन बसली.

“ताई, मावशींना बोलू नकोस. त्या खरं सांगतायत. दोघांनी एकदम बदल केले, तर ज्याचा मागून पोचतो त्याचा राहतो. आधीचा जातो.”

“जातो म्हणजे? सांगत नाही, विचारत नाही? कुठल्या शहाण्याने केला हा नियम?”

कंपनीत हा नियम त्यानेच केला होता. दोन्ही प्रती ठेवू, माणसाला विचारू, असं टीममधली एक मुलगी कळवळून सांगत होती. सारखे प्रश्न विचारले की लोक पळून जातात, म्हणत त्याने तिला उडवून लावलं होतं. बाकीचे हसलेही होते.

“मी,” तो म्हणाला.

मावशींनी डोळे पुसले. आता त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

ताईने त्याच्या हातातून फोन ओढून घेतला. तक्ता छान सुटसुटीत दिसत होता. दोनच्या रकान्यात गोळी जिथल्या तिथे.

“माझं पुसून तू लिहिलंस तरी काय एवढं?”

“काही नाही गं. अक्षर मोठं केलं. बाबांना चष्म्याशिवाय वाचता यावं म्हणून.”