गाडी पाणी पितेय

"ताई, तुमची गाडी पाणी पितेय," मेकॅनिक म्हणाला. गळती कुठेच दिसत नाही, पाणी मात्र संपतं आणि इंजिन तापतं, तेव्हा हे लोक असंच म्हणतात.

मी हसले. "रोज सकाळी मीच पाजते की म्हातारीला! 'पी गं बाई, पी' म्हणत बाटलीभर ओतते."

त्याने रेडिएटर काढून टेबलावर ठेवला, त्याची दोन्ही तोंडं बोळे कोंबून बंद केली आणि वरून पाणी भरलं. थेंब कुठून सुटतो ते बघायला आम्ही दोघं वाकलो.

एकही थेंब सुटला नाही. टेबल कोरडं ठाक होतं. तरी पाणी खाली खाली चाललं होतं, आणि आतून आवाज येत होता, फार तहानलेलं माणूस घटाघटा पितं तसा.

"मागे सरा, ताई!" मेकॅनिकने झाकण लावलं आणि दोन्ही हातांनी दाबून धरलं.

आवाज थांबला. मग त्याच्या तळव्यांखाली झाकण हळूहळू उलटं फिरू लागलं.

"पी गं बाई, पी," आतून कुणीतरी म्हणालं, अगदी माझ्याच आवाजात, आणि माझं तोंड गंजाच्या चवीच्या कोमट पाण्याने भरू लागलं.