मागून येणारी

तीन वर्षांनी नागपूरला उतरलेल्या भूमिकानं विमानतळाच्या गुळगुळीत फरशीवर स्केटबोर्ड टाकला आणि सुसाट निघाली. सुरक्षारक्षक ओरडला, तरी थांबली नाही. लहानपणी बाबांनीच मागे धावत धावत तिला बोर्ड चालवायला शिकवलं होतं. आई फोनवर जे सांगायची, ते तिला खरं मानायचंच नव्हतं.

कठड्यापलीकडे आईचा हात धरून उभ्या असलेल्या बाबांनी तिला पाहताच टाळ्या पिटल्या. भूमिकाचा जीव भांड्यात पडला.

"वा वं पोरी! माही भूमिका बी अशीच चालवते. आत दिसली का वं तुले?"

आईनं तोंड फिरवलं. भूमिकानं बोर्ड उचलून छातीशी धरला.

"हो काका," ती म्हणाली, "मागूनच येऊन राहिली."